रिकाम्या पंपाचं सील

रॉड टाकीतून वर आला तेव्हा त्याच्या खालच्या टोकाला वीतभर डिझेल लागलेलं होतं.

"हाये! तेल हाये! पाहा लेकहो, तेल हाये!" कोणीतरी ओरडलं आणि सगळा घोळका माझ्या अंगावर आला.

रॉड माझ्याच हातात होता. त्या वीतभर तेलाचा अर्थ मला माहीत होता: पंप रिकामा आहे. घोळक्याने अर्थ लावला की पंपात तेल दडवून ठेवलं आहे. असा अर्थ लावायला शिकवणारं पत्रक त्यांच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या खिशात होतं. ते मी लिहिलं होतं.

मी तेव्हा तहसील ऑफिसात पुरवठा निरीक्षक होते. रेशनचं धान्य, रॉकेल, गॅस, पेट्रोल, डिझेल यांचा साठा तपासायचा, वाटप नीट होतं का पाहायचं, तक्रार आली की पंचनामा करायचा, हे माझं काम. यवतमाळ जिल्ह्यातला एक तालुका. नाव लिहीत नाही, कारण त्या दिवसांत कुठल्याही तालुक्याचं नाव चाललं असतं. कापसाची ती वाईट वर्षं होती. दिवाळी जवळ आली होती. पाऊस लवकर आटोपला होता आणि पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, बोंडं धरली होती. नाल्याला अजून पाणी होतं. तेवढं एक पाणी शेताला मिळालं असतं तर बोंडं भरली असती. विजेचा भरवसा नव्हता. नाल्यावरची इंजिनं डिझेलवर चालायची. आणि डिझेल मिळत नव्हतं.

का मिळत नव्हतं, याचं कारण आमच्या फाइलमध्ये होतं. पंपवाले तेल कंपनीच्या डेपोकडे मागणी नोंदवतात, तिला 'इंडेंट' म्हणतात. इंडेंटप्रमाणे टँकर येतो. त्या काळात जगात तेल महागलं होतं आणि इथे ते कमी भावात विकावं लागत होतं. जेवढं विकाल तेवढा तोटा. त्यामुळे डेपोने हात आखडला. पंपाने दोन टँकर मागितले की एक यायचा, तोही सांगितल्या दिवशी नाही. डेपोचं तसं पत्रच आमच्याकडे आलं होतं. 'पुरवठा नियंत्रित करण्यात येत आहे,' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

मी ते पत्र वाचलं होतं. माझा त्यावर विश्वास बसला नव्हता.

हे समजायला माझं घर थोडं सांगावं लागेल. माझे बाबा पुसदला एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. मोर्च्याचं पत्रक, जयंतीचं पत्रक, मजुरीवाढीचं पत्रक, विहिरीवरच्या भांडणाचंसुद्धा पत्रक. मी अक्षरं शिकले ती त्या रद्दीवर. पत्रकाची रीत मला लहानपणापासून पाठ होती. पहिल्या ओळीत प्रश्न विचारायचा. मग दोषी दाखवायचा. शेवटी लोकांना उठवायचं. प्रत्येक टंचाईच्या मागे एक साठेबाज असतो आणि कंपनी नेहमी खोटं बोलते, हे मी बाबांच्या मांडीवर बसून शिकले होते. कंपनी एखाद्या वेळी खरं बोलू शकते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तहसीलदार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, लोकांसाठी एक निवेदन काढायचंय. टंचाई हा शब्द त्यात कुठेही नको. वरून स्पष्ट सांगितलंय."

"मग काय लिहू सर?"

"साठा मुबलक आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये. नेहमीचंच."

"लोक विचारतील, मुबलक आहे तर मिळत का नाही?"

साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "ते तुम्ही बघा. तुमचा हात चांगला आहे म्हणतात."

मी जागेवर येऊन एका बैठकीत लिहून काढलं. 'डिझेल कुठे गेलं? साठा भरपूर आहे. मग तुमची कॅन रिकामी का? कारण कोणीतरी तुमचं तेल दाबून बसलं आहे. टंचाई पडलेली नाही, पाडलेली आहे. साठेबाज तुमच्याच रस्त्यावर बसला आहे. त्याला ओळखा. त्याला जाब विचारा!'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "जाब विचारा, हे जरा जास्त होतंय का?"

"राहू द्या सर. त्याशिवाय लोक जागे होत नाहीत."

"मग राहू द्या."

तो शब्द त्यांना नको होता. मी ठेवायला लावला. ऑफिसचा शिक्का मारून पत्रकं वाटली गेली. भोंगा लावलेला एक ऑटो तेच वाचत गावोगाव फिरला. लोक थांबून ऐकत होते. मला फार बरं वाटलं. आपल्या शब्दांना पहिल्यांदाच सरकारचा आवाज मिळाला, असं वाटलं. आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

पत्रकात मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण 'तुमच्याच रस्त्यावर' असं लिहिलं होतं आणि त्या रस्त्यावर पंप एकच होता.

तो हबीबभाईंचा. त्यांच्या वडिलांचं त्याच जागेवर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, पुढे हबीबभाईंनी तिथे पंप काढला. हबीबभाई तोंडाने तिखट. उधारी मागणाऱ्याला सगळ्यांसमोर उभंआडवं सोलायचे. फार साधा माणूस होता असं मी म्हणणार नाही. तेल संपलं तो दिवस घ्या. रांगेतल्या लोकांना "खतम, घरी जा" म्हणून सांगितलं आणि थोड्या वेळात एका पुढाऱ्याची जीप आली, तिच्यात शेवटचं डिझेल भरलं. रांगेने ते डोळ्यांनी पाहिलं. त्याच संध्याकाळी भोंगा तिथे पोचला. लोकांना पाहिलेलं आणि ऐकलेलं जुळवायला फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन. "पंपावर गर्दी झाली आहे. तुम्ही जा आणि लोकांसमोर डिप घ्या. पारदर्शक काम होऊ द्या."

डिप म्हणजे टाकीत रॉड सोडून तेल किती आहे ते मोजणं. पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. वरून खुणा कोरलेला लांब रॉड आत सोडायचा, वर काढायचा, कुठपर्यंत ओला झाला ते पाहायचं. एवढं सोपं काम.

मी पोचले तेव्हा पहिल्यांदा लक्ष गेलं ते दोरीकडे. आमच्याकडे डिझेलच्या रांगेत माणसं उभी राहत नसत, कॅन उभ्या राहत. सगळ्या कॅनच्या कड्यांतून एकच दोरी ओवलेली असायची, दोन्ही टोकांना गाठ. माणूस शेतात जाऊन यायचा, कॅन त्याचा नंबर धरून असायची. ती दोरी कधी कोणी सोडली नव्हती. त्या दिवशी ती सुटून धुळीत पडली होती आणि प्रत्येकाची कॅन प्रत्येकाच्या हातात होती.

सगळ्यात पुढे शेषरावकाका. नाल्याकाठी त्यांची पऱ्हाटी उभी होती. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं, चार घड्या घालून मऊ झालेलं.

"आल्या मॅडम! सरका बे, मॅडमले जागा द्या. आता कयते याची चोरी."

हबीबभाई केबिनच्या दारात उभे होते. "या मॅडम. चोर हाजर हाये. टाका रॉड."

मी रॉड टाकला. पुढचं सुरुवातीला सांगितलंच. तेल वीतभर निघालं.

"सांगा त्यायले," हबीबभाई म्हणाले. "डेड स्टॉक काय असते ते तुमीच सांगा. माह्यावर कोन इश्वास ठेवते आता!"

डेड स्टॉक म्हणजे टाकीच्या तळाचं तेल. ज्या नळीने तेल वर ओढलं जातं, तिचं तोंड मुद्दाम तळापासून उंच ठेवतात, कारण तळाशी पाणी आणि गाळ साचतो. तोंडाच्या खाली जे उरतं ते टाकीत असतं, हिशेबात असतं, पण गाडीत जात नाही. मला ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं. मी लोकांना शिकवायला लागले.

"काका, रांजणाला तोटी असते ना? तोटीच्या खालचं पाणी तोटीतून येतं का?"

"नाई येत."

"तसंच हे आहे."

"मंग रांजन वाकडा करा ना!"

हशा पिकला. मागून एक जण म्हणाला, "डेड म्हन्जे मेलेलं ना? आमाले मेलेलंच द्या, मॅडम. इंजिन बी आमचं मरायलेच टेकलं हाये."

हबीबभाईंनी रागाने मशीन चालू केलं आणि नळीचं तोंड सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. आत खर्र आवाज झाला, थोडा फेस आला, दोन थेंब पडले आणि नुसती हवा फुसफुसायला लागली.

"पाह्यलं? दिलाची तसल्ली झाली?"

"वरून बटन बंद केलं यानं," कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं.

मग एकाने सुचवलं, नाल्यावरचं इंजिन आणू, पाइप सोडू, तळातलं उपसून काढू. दोघे खरंच निघाले. एक जण टाकीच्या उघड्या तोंडाशी वाकून बिडी ओढत आत पाहत होता.

"अबे बिडी इझव!" हबीबभाई किंचाळले. "बाजूची टाकी पेट्रोलची हाये. उडलो त सगळेच उडू, साठेबाज बी अन तू बी!"

त्याने बिडी विझवली, पण हबीबभाईंची कॉलर कोणीतरी धरली. मी मध्ये पडून सोडवली. बंदोबस्ताला एकच कॉन्स्टेबल होता. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे.

मी बाजूला होऊन साहेबांना फोन लावला.

"सर, पंप रिकामा आहे. डेड स्टॉक आहे फक्त. लोकांना खरं सांगावं लागेल. डेपोचं पत्र..."

"त्या पत्राचा उल्लेख करायचा नाही. सील करा पंप. लोक शांत होतील."

"सर, रिकामा पंप सील करून काय होईल? उद्या टँकर आला तर उतरवायचा कुठे?"

"येणार आहे का टँकर?"

मग साहेबच हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, माझ्यावरही कोणीतरी आहे. तुमचं पत्रक चांगलं चाललंय. आता मागे नका फिरू."

मी फिरले. भोंग्याचा ऑटो कडेला उभा होता. त्याचा माइक घेतला आणि बोलले. डेपो तेल देत नाही. सगळ्या जिल्ह्यात हेच चाललं आहे. हबीबभाईंकडे काही लपवलेलं नाही. पत्रक मी लिहिलं आणि ते चुकीचं आहे.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की लोक ऐकतात. मग शेषरावकाकांनी पत्रक उघडून माझ्यासमोर धरलं.

"मॅडम, हे खोटं, का आता तुमी बोलून राह्यल्या ते खोटं?"

"हे खोटं, काका."

"यावर त सरकारी शिक्का हाये. तुमच्या तोंडावर हाये का शिक्का?"

पुन्हा हशा. मागून आवाज आला, "किती लिटर भेटलं मॅडम?" आणि त्याच्या मागून आणखी एक, दबका, हबीबभाईंकडे पाहून, "या लोकायचं असंच असते." तो बोलणारा पुसदच्या आमच्याच वस्तीतला निघाला. त्याच्या घरी बाबांची पत्रकं जायची. त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली, जणू मीही त्याच बाजूची आहे.

एवढ्यात केबिनची काच फुटली.

हबीबभाई माझ्याजवळ आले. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं. "मॅडम, भाषन पुरे. सील लावा."

"सील लावलं म्हणजे तुम्ही चोर ठरता, हबीबभाई."

"ठरलोच हावो ना मी. चोर ठरलो त घरी जाईन. नाई ठरलो त दवाखान्यात. लावा लवकर."

मी सील लावलं. सील म्हणजे नळीला आणि टाकीच्या झाकणाला तार गुंडाळायची, गाठीवर कापड, कापडावर वितळलेली लाख, लाखेवर पितळी शिक्का. मेणबत्ती वाऱ्याने विझत होती. कॉन्स्टेबलने टोपीचा आडोसा धरला. हबीबभाईंनी स्वतः नळी धरून दिली, तार घट्ट बसावी म्हणून. मी शिक्का दाबला.

आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या माझ्यासाठी होत्या. "मॅडमनं करून दाखोलं!" शेषरावकाका ओरडले. मघाशी मला विकली गेलेली म्हणणारे आता माझ्यासाठी वाट करत होते. एकाने थम्सअपची बाटली आणून हातात दिली. मग ते सगळे पांगले. हातात रिकाम्या कॅन, गप्पा मारत, कॅन मांडीवर वाजवत. लग्नाची पंगत उठल्यावर माणसं जशी जातात तशी. थेंबभर डिझेल मिळालं नव्हतं. पण चोर मिळाला होता.

हबीबभाई काचा गोळा करत होते. मी "माफ करा" म्हणाले असेन, नक्की आठवत नाही. ते म्हणाले, "काचवर पाय देऊ नका, मॅडम."

ऑफिसात जाऊन मी पंचनाम्यात खरं लिहिलं. पंप रिकामा होता, साठेबाजी आढळली नाही, सील केवळ शांततेसाठी लावलं. साहेबांनी वाचलं आणि फाइलमध्ये लावलं. वर गेलेल्या अहवालात एकच वाक्य गेलं: कृत्रिम टंचाई करणाऱ्यांवर धडक कारवाई सुरू.

त्यानंतर टँकर आला. उशिरा आला, पण आला, अजून एक पाणी देऊन बोंडं वाचतील अशा वेळी आला. पंपाला सील. सील काढण्याचा आदेश जिल्ह्याहून यायला हवा होता. मी फोनवर फोन केले. ड्रायव्हरने टँकर सावलीत लावून दोनदा चहा घेतला आणि मग तो भरलेला टँकर पुसदच्या दिशेने निघून गेला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो जाताना पाहिला. नाल्याला तेव्हाही पाणी होतं. पंधरवड्यात बोंडं उघडली, पोचट. कवडीसारखा आवळलेला कापूस निघाला.

सील लावलं त्याच आठवड्यात मी पुसदला घरी गेले होते. पत्रक बाबांपर्यंत माझ्याआधी पोचलं होतं. त्यांनी ते कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं होतं. "माह्यापेक्षा चांगलं जमलं तुले," म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग उठून पत्रक काढलं, घडी घातली आणि विचारलं, "मंग आपले आधीचे?"

बाबांची कितीतरी पत्रकं खरी होती, हे मला माहीत होतं. पण ती त्यांनी तपासून लिहिली होती की ती नशिबाने खरी निघाली होती, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना विचारलं नाही. मला भीती वाटली.

चौकशी होऊन हबीबभाई निर्दोष ठरले. सील निघालं. मी साहेबांना म्हटलं, "सर, आता भोंगा पुन्हा फिरवू या. ते निर्दोष आहेत हे सांगायला."

"कारवाईची प्रसिद्धी होते, मॅडम. कारवाई चुकल्याची होत नाही."

तरी मी ऑटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "लेखी आदेश आना, मॅडम." आदेश मिळाला नाही. मी दारोदार जाऊन सांगायला सुरुवात केली. लोक बसायला द्यायचे, चहा द्यायचे, ऐकून घ्यायचे. "तुमच्यावर वरून दबाव आला असन," असं म्हणून मलाच धीर द्यायचे.

पुढे तेलाचे भाव वाढवले गेले आणि टँकर नीट यायला लागले. पंप सुरू झाला तेव्हा मी तपासणीला गेले होते. शेषरावकाका रांगेत होते. हबीबभाई स्वतः त्यांच्या कॅनमध्ये डिझेल सोडत होते.

"मॅडम, तुमी दणका देल्ला म्हनून तेल आलं पाहा," काका म्हणाले.

"काका, भाव वाढला म्हणून आलं. उलट आलेला टँकर माझ्यामुळे परत गेला होता."

"असू द्या. तुमाले मोठेपना आवडत नाई, मले माहीत हाये."

"पऱ्हाटीचं काय झालं?"

"गेली ना बाई. साठेबाजायनं खाल्ली." त्यांनी हे हबीबभाईंपासून हातभर अंतरावर उभं राहून म्हटलं, रागाने नव्हे, पाऊस कमी झाला म्हणावं तसं. हबीबभाईंनी मीटरवरची नजर हलवली नाही. कॅन काठोकाठ भरली, झाकण लावून दिलं आणि पुढच्या कॅनला हात घातला.

पुरवठ्याच्या कामात मी एक गोष्ट शिकले. ती ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. माल कमी पडला की लोक विचारतात, कुठे गेला. तेव्हा खरं उत्तर द्यायला तेलाचा टँकर लागतो. खोटं उत्तर द्यायला, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा नुसता एक माणूस पुरतो. ऑफिसला अशा माणसांची कमी कधीच पडत नाही.